बांधणीचें साधन कसें निवडावें?

संगणकासाठीं प्रोग्राम लिहिणें ही एक गोष्ट, आणि लिहिलेला प्रोग्राम बांधून उभा करणें ही दुसरी. पहिलीविषयीं पुस्तकें पुष्कळ आहेत व शाळांतून ती शिकविलीही जाते. दुसरीकडे मात्र बहुधा कोणी लक्ष देत नाहीं. ती पुढें आपोआप येईल, अशी शिकविणाराची व शिकणाराची दोघांचीही समजूत असते. वस्तुतः पुष्कळ कामें अडून बसतात तीं ह्या दुसऱ्या ठिकाणीं. म्हणून तिचा थोडा विस्तारानें विचार करावा असें योजिलें आहे.

प्रथम बांधणी म्हणजे काय तें पाहूं. सी, सी प्लस प्लस, रस्ट, गो ह्या भाषांत मनुष्य जें लिहितो त्यास आपण मूळ संहिता म्हणूं. ही संहिता संगणकास जशीच्या तशी कळत नाहीं. कंपायलर नांवाचा एक निराळा प्रोग्राम ती वाचतो आणि तिचें यंत्रभाषेंत रूपांतर करितो. प्रोग्राम लहान असला तर एक फाइल, एक आज्ञा, आणि काम झालें. परंतु तो वाढूं लागला म्हणजे त्याच्या दहा, शंभर, हजार फाइली होतात. प्रत्येकीचें स्वतंत्र रूपांतर होऊन एकेक 'ऑब्जेक्ट फाइल' तयार होते, आणि शेवटीं लिंकर नांवाचा प्रोग्राम त्या साऱ्या सांधून चालता प्रोग्राम निर्माण करितो. आतां ह्या हजारांपैकीं एका फाइलींत आपण एक अक्षर बदललें, तर हजारांचेंही रूपांतर पुन्हां करावयाचें काय? केलें तर वेळ जातो. न केलें तर नेमकें कोणत्या फाइलींचें करावयाचें, हें कोणीतरी अचूक जाणलें पाहिजे. हें जाणण्याचें काम ज्याकडे सोंपवावयाचें, तें बांधणीचें साधन होय.

घरांतील उदाहरण घेऊं. सणाच्या दिवशीं पुरणपोळीचा बेत आहे. हरभऱ्याची डाळ शिजवावी, तिचें पाणी वेगळें काढावें, डाळींत गूळ घालून पुरण शिजवावें व वाटावें. इकडे कणीक भिजवून ठेवावी. मग पोळ्या लाटाव्या. काढून ठेविलेल्या पाण्याची, म्हणजे कटाची, आमटी होते. पुरण चाखून पाहतां गूळ कमी पडला असें दिसलें, तर पुरण पुन्हां चुलीवर चढतें. पण कणीक कोणी पुन्हां भिजवीत नाहीं. उलट डाळच करपली, तर पुरण गेलें, पोळी गेली आणि आमटीही गेली. हा शेवटला संबंध नवख्या माणसाच्या लक्षांत येत नाहीं, कारण आमटी दुसऱ्या चुलीवर असते. आजीला तो सांगावा लागत नाहीं. बांधणीच्या साधनांत आपण जें शोधतों तें हें आजीचें ज्ञान: काय कशावर अवलंबून आहे, आणि त्यामुळें काय पुन्हां करावें व काय करूं नये.

हें ज्ञान चुकलें म्हणजे काय होतें ह्याचा अनुभव प्रस्तुत लेखकानें घेतला आहे. विद्यार्थ्यांच्या गुणपत्रकाचा सी भाषेंतील एक लहानसा प्रोग्राम मीं लिहिला होता. त्याच्या तीन फाइली: एक माहिती वाचणारी, एक बेरीज करणारी आणि एक छापणारी. विद्यार्थ्याच्या नोंदींत कोणत्या क्रमानें काय असावें, हें चौथ्या एका 'हेडर' फाइलींत सांगितलें होतें, व तिन्ही फाइली तिच्याकडे पाहून चालत. एके दिवशीं त्या हेडर फाइलींत हजेरीक्रमांक व गुण ह्यांच्यामध्यें 'उपस्थितीचे दिवस' हें नवें कलम मीं घातलें. वाचणाऱ्या व बेरजेच्या फाइलींत तदनुसार फेरफार केले, म्हणून त्यांचें रूपांतर नव्यानें झालें. छापणाऱ्या फाइलींत एक अक्षरही बदललें नव्हतें, आणि ती हेडर फाइलीवर अवलंबून आहे हें बांधणीच्या नियमांत लिहावयाचें माझ्याकडून राहिलें होतें. सबब तिचें जुनेंच रूपांतर सांधलें गेलें. तें आपलें जुन्या जागेवरून गुण उचलूं लागलें, आणि त्या जागीं आतां उपस्थिती येऊन बसली होती! पहिल्याच ओळींतील ७१ गुणांच्या मुलास १०० पैकीं १८८ गुण पडले; पुढील ओळींतून तर कोणाचें काय कोणास मिळालें ह्याचा मेळच राहिला नाहीं. ही चूक निदान डोळ्यांत भरणारी होती. एकाच मुलाचें पत्रक छापावयाचें असतें आणि त्याची उपस्थिती शंभराच्या आंत असती, तर तें पत्रक तसेंच त्याच्या घरीं गेलें असतें. संहितेंतील दोष शोधण्यांत माझी सारी सकाळ गेली. संहिता निर्दोष होती.

अशीच एक वाया गेलेली सकाळ ह्या विषयाच्या इतिहासाच्या आरंभीं उभी आहे. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत १९७६ सालीं स्टीव्ह जॉन्सन हे प्रसिद्ध प्रोग्रामकार आपले सहकारी स्टुअर्ट फेल्डमन ह्यांच्या खोलींत संतापून आले. ज्या प्रोग्रामांत कांहीं एक दोष नव्हता त्यांतील दोष शोधण्यांत त्यांची सकाळ गेली होती. दोष त्यांनीं पूर्वींच दुरुस्त केला होता. दुरुस्त फाइलीचें रूपांतर करणें तेवढें राहिलें होतें. फेल्डमन ह्यांची आदली संध्याकाळ नेमकी असल्याच भानगडींत गेली होती. त्यांनीं आठवड्याच्या अखेरीच्या सुटींत बसून 'मेक' हें साधन लिहून काढलें.

मेकची युक्ति फार साधी आहे. 'मेकफाइल' नांवाच्या फाइलींत आपण लिहून ठेवावयाचें, कीं अमुक वस्तु तमुक घटकांपासून होते आणि ती करण्याची आज्ञा ही. मेक त्या सर्वांच्या शेवटल्या फेरफाराच्या वेळा पाहतें. एखादी वस्तु आपल्या घटकांपेक्षां जुनी दिसली तर ती पुन्हां करावयाची. नवी असली तर सोडून द्यावयाची. एवढ्या एका नियमावर सुमारें अर्धशतक लहानमोठे प्रोग्राम बांधले जात आहेत. लिनक्स ह्या सुप्रसिद्ध कार्यप्रणालीचा गाभा अद्यापि मेकच्याच एका प्रकारानें बांधला जातो. ह्या कामाबद्दल फेल्डमन ह्यांस असोसिएशन फॉर कंप्यूटिंग मशिनरी ह्या संस्थेचें २००३ सालचें सॉफ्टवेअर-विषयक पारितोषिक मिळालें.

येथें एक मौजेची गोष्ट सांगण्यासारखी आहे. मेकफाइलींत आज्ञेच्या ओळीच्या आरंभीं 'टॅब' ह्या कळीचीच मोकळी जागा असावी लागते. तितक्याच रुंदीच्या साध्या मोकळ्या जागा सोडल्या तर चालत नाहीं, आणि डोळ्यांस तर दोहोंत कांहीं भेद दिसत नाहीं. नवशिक्या विद्यार्थ्यांस ह्या अदृश्य कळीनें जितकें छळलें आहे तितकें क्वचितच दुसऱ्या कशानें छळलें असेल. फेल्डमन ह्यांस हा दोष लौकरच कळला. परंतु तोंवर मेक वापरणारे डझनभर लोक झाले होते, बहुतेक त्यांचे मित्रच. त्यांचीं कामें मोडूं नयेत म्हणून त्यांनीं तो तसाच राहूं दिला. डझनभर मित्रांची गैरसोय टळली, आणि पुढें येणाऱ्या असंख्यांच्या वांट्यास ती आली. बांधणीचें साधन आज आपल्या सोयीसाठीं निवडलें, तरी त्याचे परिणाम भोगणारे लोक बहुतेक अद्याप यावयाचेच असतात.

मेकचा खरा उणेपणा मात्र टॅबमध्यें नाहीं. आपण सांगितलें नाहीं तें मेकला कळत नाहीं, हा तो उणेपणा. गुणपत्रकाच्या प्रकरणांत चूक माझी होती हें कबूल. परंतु मनुष्य जें विसरणारच, तें मनुष्याच्याच स्मरणावर सोडणें हा साधनाचा दोष नव्हे काय? ह्यावर उपाय पुढें निघाला. कंपायलर एखादी फाइल वाचतो तेव्हां वाटेंत कोणकोणत्या हेडर फाइली उघडल्या, हें त्यासच पक्कें ठाऊक असतें. जीसीसी व क्लँग ह्या कंपायलरांस तशी खूण केली असतां ते ही यादी लिहून ठेवितात, आणि मेक पुढील खेपेस ती वाचतें. मेक वापरणाऱ्या प्रत्येकानें ही सोय करून घ्यावी. ती करावयाची नसेल तर मेक वापरूं नये, असें म्हणण्यापर्यंत माझी मजल जाईल.

दुसरें असें कीं, मेक वेळ पाहतें, मजकूर पाहत नाहीं. कंपायलरास द्यावयाची आज्ञाच आपण बदलली, उदाहरणार्थ वेग वाढविण्याची खूण काढून दोषशोधनाची घातली, तर कोणत्याही संहितेची वेळ बदलत नाहीं. मेक स्वस्थ बसतें. मग पुढील कांहीं फेरफारांनंतर अर्धा प्रोग्राम जुन्या आज्ञेचा व अर्धा नव्या आज्ञेचा, असें कडबोळें चालूं लागतें.

मोठ्या प्रोग्रामांत ह्याहून निराळी अडचण येते. प्रोग्रामाचे निरनिराळे कप्पे करून प्रत्येक कप्प्यांत एक मेकफाइल ठेवावयाची, व वरच्या मेकफाइलीनें त्यांस एकापाठोपाठ हांका मारावयाच्या, अशी चाल पुष्कळ वर्षें होती. ऑस्ट्रेलियांतील पीटर मिलर ह्यांनीं १९९८ सालीं एक निबंध लिहून ह्या चालीवर कडक टीका केली. त्यांचें म्हणणें असें, कीं अशा व्यवस्थेंत कोणत्याच मेकला सबंध चित्र दिसत नाहीं. कट काढणारा एका खोलींत, आमटी करणारा दुसऱ्या खोलींत, आणि मध्यें भिंत! मग लोक भीतीपोटीं तीच बांधणी दोनदां करतात, किंवा दररोज सगळें पुसून प्रथमपासून आरंभ करतात. सगळें पुसून पुन्हां बांधण्याची संवय ज्या ठिकाणीं लागलेली दिसेल, तेथें साधनावरचा विश्वास उडालेला आहे असें खुशाल समजावें. हल्लींचे संगणक एकाच वेळीं आठ-सोळा रूपांतरें चालवूं शकतात. अवलंबनाची नोंद सदोष असेल तर कोणतें काम आधीं संपेल ह्याचा नेम राहत नाहीं, आणि सकाळीं बांधला गेलेला प्रोग्राम दुपारीं बांधला जात नाहीं. अशा वेळीं संगणक लहरी आहे असें आपण म्हणतों. तो लहरी नसतो. त्यास अर्धीच गोष्ट सांगितलेली असते.

आतांपर्यंत एकाच संगणकाचा विचार झाला. परंतु प्रोग्राम दुसऱ्याच्या संगणकावर बांधावयाचा असेल तर? तेथील कंपायलर निराळा, ग्रंथालयें निराळ्या जागीं, एखादी सोय असेल वा नसेलही. युनिक्सचे नानाविध प्रकार ज्या काळीं प्रचारांत होते, त्या काळीं ही मोठी डोकेदुखी होती. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनसाठीं काम करणाऱ्या डेव्हिड मॅकेंझी ह्यांनीं १९९१ सालीं 'ऑटोकॉन्फ' ह्या साधनास आरंभ केला. त्याची रीत परगांवीं बिऱ्हाड करणाऱ्या शहाण्या गृहस्थासारखी आहे: आधीं चौकशी, मग चूल. 'कॉन्फिगर' नांवाची एक आज्ञावली त्या संगणकास एकामागून एक प्रश्न विचारते, लहान लहान प्रोग्राम बांधून पाहते, आणि मिळालेल्या उत्तरांवरून त्या संगणकास अनुरूप अशी मेकफाइल लिहिते. 'कॉन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल' ही त्रिपदी ह्या धंद्यांत एका पिढीस गायत्रीप्रमाणें पाठ होती. पण ह्या सोयीची किंमत अशी, कीं ही चौकशीची आज्ञावली 'एम-फोर' नांवाच्या एका दुर्बोध भाषेंतून यंत्रानें निर्माण होते व कैक हजार ओळींची भरते. ती खुद्द प्रोग्रामाचा कर्ताही वाचीत नाहीं. ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

ऑटोकॉन्फ हें युनिक्सचें अपत्य. विंडोजवर तें परकेंच राहिलें. मानवी शरीराच्या प्रतिमांचा अभ्यास करण्यासाठीं अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयानें एका मोठ्या प्रोग्राम-संचास द्रव्यसाहाय्य केलें होतें. तो संच दोन्हीकडे चालावयास हवा होता. त्या गरजेंतून किटवेअर ह्या कंपनीनें २००० सालच्या सुमारास 'सी-मेक' निर्माण केलें. सी-मेक स्वतः कांहीं बांधीत नाहीं. तें एकच वर्णन वाचून ज्या त्या संगणकाच्या चालीचीं सूचनापत्रें लिहून देतें, युनिक्सवर मेकफाइली, विंडोजवर तेथील साधनाच्या फाइली. केडीई ह्या मोठ्या प्रकल्पानें, मध्यंतरीं दुसरें एक साधन आजमावून व सोडून, २००६ सालीं सी-मेकचा स्वीकार केला, आणि तेव्हांपासून सी प्लस प्लसच्या जगांत त्याचें वर्चस्व वाढत गेलें. त्याची भाषा मला कधींच गोड वाटली नाहीं. तींत सगळें कांहीं अक्षरमालाच असतें, यादीसुद्धां अर्धविरामांनीं जोडलेली एक अक्षरमालाच, आणि अवतरणचिन्ह विसरल्याचें प्रायश्चित्त फार उशिरां मिळतें. तरीपण आपला प्रोग्राम इतरांनीं विंडोज, मॅक व लिनक्स ह्या तिहींवर बांधावा अशी इच्छा असेल, व त्यास दुसऱ्यांच्या सी प्लस प्लस ग्रंथालयांची गरज असेल, तर बहुजनांची वाट ती हीच.

वेगाचा प्रश्न पुष्कळजण सर्वांत आधीं विचारतात. मीं तो मुद्दाम मागें ठेविला आहे. तरी तो क्षुल्लक नाहीं. सी व सी प्लस प्लस ह्या भाषांत हेडर फाइलीचा मजकूर तिला बोलावणाऱ्या प्रत्येक फाइलींत पुनःपुन्हां ओतला जातो. गूगल कंपनींतील एका मोठ्या प्रोग्रामाची २००७ सालीं मोजदाद झाली, तेव्हां त्याच्या सुमारें २००० फाइली एकत्र केल्या तर ४.२ मेगाबाइट भरत; परंतु हेडर ओतून झाल्यावर कंपायलरापुढें ८ गिगाबाइटांहून अधिक मजकूर येऊन पडे, म्हणजे एका अक्षराचीं दोन हजार अक्षरें! असल्याच एका बांधणीची पाऊण तास वाट पाहत बसले असतां रॉब पाइक व त्यांच्या सहकाऱ्यांच्या मनांत गो भाषेची कल्पना आली, असें पाइक ह्यांनीं स्वतः लिहिलें आहे. गो भाषेंत बोलावलेलें पण न वापरलेलें ग्रंथालय हा दोष मानला जातो व प्रोग्राम बांधलाच जात नाहीं, त्याचें मूळ ह्या पाऊण तासांत आहे.

त्याच कंपनींत क्रोम ह्या न्याहाळकावर काम करणाऱ्या इव्हान मार्टिन ह्यांची तक्रार आणखी बारीक होती. ३०,००० हून अधिक मूळ फाइलींपैकीं एक बदलली असतां, बांधणीस *आरंभ* होण्यासच दहा सेकंद लागत. दहा सेकंद म्हणजे काय मोठें, असें कोणी म्हणेल; पण दिवसांतून शंभरदां थांबावें लागणारास तें विचारावें. त्यांनीं 'निंजा' हें साधन लिहिलें, व तो आरंभ एका सेकंदाच्या आंत आणला. निंजाची भाषा इतकी तुटपुंजी आहे कीं ती मनुष्यानें हातानें लिहावी अशी अपेक्षाच नाहीं. सी-मेकसारख्या दुसऱ्या साधनानें ती लिहून द्यावयाची. कंपायलरास दिलेली आज्ञा बदलली तरीही निंजा तें ओळखतें, म्हणजे मेकचा वर सांगितलेला दुसरा दोष येथें उरत नाहीं. फिनलंडमधील जुस्सी पाक्कानेन ह्यांचें 'मेसन' ह्याच निंजावर उभें आहे. त्याची भाषा वाचावयास सोपी, आणि मुद्दामच मर्यादित ठेविलेली, कीं बांधणीच्या वर्णनांत कोणीं दुसराच प्रोग्राम लिहून ठेवूं नये. सिस्टिमडी हा प्रकल्प २०१७ सालीं मेसनकडे वळला. पोस्टग्रेस ह्या माहितीसंग्राहक प्रणालीनें २०२३ च्या आपल्या सोळाव्या आवृत्तींत ऑटोकॉन्फच्या जोडीस मेसनची सोय केली. नवा सी भाषेंतील प्रकल्प आज आरंभावयाचा असेल, तर माझा कल मेसनकडे आहे हें लपवीत नाहीं.

रस्ट व गो ह्या भाषांत निवडीचा प्रश्न बहुतेक उद्भवत नाहीं. भाषेच्या कर्त्यांनींच साधन दिलें आहे: रस्टचें 'कार्गो' व गोची स्वतःची आज्ञा. कोणती फाइल कोणावर अवलंबून, हें संहितेवरूनच कळतें. निराळी यादी लिहावी लागत नाहीं. कार्गो तर कोणत्या ग्रंथालयाची कोणती नेमकी आवृत्ति वापरली हेंही एका फाइलींत कुलूपबंद करून ठेवतें. भाषेनें आपलें साधन दिलें असतां दुसरें शोधीत बसूं नये. जावाचें जग निराळें आहे. त्याचा विचार येथें केलेला नाहीं.

राहिलें 'बेझल'. हें गूगलच्या 'ब्लेझ' नामक खासगी साधनाचें सार्वजनिक रूप २०१५ सालीं प्रसिद्ध झालें. इंग्रजी अक्षरांची उलटापालट करून नांवही तेंच ठेविलें आहे. त्याची एक गोष्ट मला फार आवडते. बेझल प्रत्येक रूपांतर जणूं बंद खोलींत करावयास लावतें, आणि त्या खोलींत सांगितलेलेच घटक ठेवतें. सांगितला नाहीं तो घटक हातींच लागत नाहीं. माझी गुणपत्रकाची चूक बेझलपुढें चाललीच नसती. हेडर सांपडत नाहीं म्हणून बांधणी पहिल्याच दिवशीं थांबली असती. शिवाय तें फाइलीची वेळ न पाहतां मजकुराची मुद्रा पाहतें. परंतु हा हत्ती आहे. ज्यांच्या दारीं हजारों अभियंते आहेत त्यांनीं तो बांधावा. तिघांच्या प्रकल्पानें त्याच्या चाऱ्यापायीं दिवाळें काढूं नये.

आतां ज्या गोष्टीसाठीं हा लेख मुख्यतः लिहिला तिच्याकडे वळतों. 'एक्स-झेड' हें फाइली दाबून लहान करण्याचें साधन बहुतेक लिनक्स संगणकांवर असतें. दोन-अडीच वर्षें सौजन्यानें काम करून विश्वास संपादन केलेल्या एका टोपणनांवाच्या व्यक्तीनें २०२४ सालच्या आरंभीं त्याच्या ५.६.० व ५.६.१ ह्या आवृत्त्यांत एक चोरवाट ठेविली. तिच्यावाटे परक्यास दूरच्या संगणकांत शिरतां यावें असा बेत होता. ती ठेविली कोठें? सी भाषेच्या संहितेंत नव्हे. ती वाचणारे लोक असतात. चोरवाट लपविली चाचणीसाठीं म्हणून ठेवलेल्या दाबलेल्या फाइलींत, आणि ती बाहेर काढून प्रोग्रामांत मिसळण्याचा आरंभ करणारी आज्ञा घातली ऑटोकॉन्फच्या एका एम-फोर फाइलींत. ही बदललेली एम-फोर फाइल प्रकल्पाच्या सार्वजनिक भांडारांत नव्हतीच. वांटण्यासाठीं तयार केलेल्या गांठोड्यांत तेवढी होती. असल्या गांठोड्यांत यंत्रानें लिहिलेल्या हजारों ओळी नेहमींच असतात व त्यांवरून कोणी नजर फिरवीत नाहीं, हें त्या व्यक्तीनें अचूक हेरलें होतें. कांहीं लिनक्स वितरणांच्या चाचणी-आवृत्त्यांपर्यंत हें विष पोंचलेंही. पोस्टग्रेसवर काम करणाऱ्या आंद्रेस फ्रॉइंड ह्यांस दूरच्या संगणकांत प्रवेश करतांना सुमारें अर्धा सेकंद अधिक लागतो असें दिसलें. त्या अर्ध्या सेकंदाचा त्यांनीं पिच्छा पुरविला, आणि २९ मार्च २०२४ रोजीं सर्व प्रकार जगापुढें मांडला. तो अर्धा सेकंद दुसऱ्या कोणीं सोडून दिला असता.

नव्या साधनांच्या अभिमान्यांनीं ह्यावरून ऑटोकॉन्फला हंसूं नये. त्याच प्रकल्पांत सी-मेकचेंही वर्णन होतें, आणि तेंही बिघडविलेलें निघालें. एका संरक्षक सोयीची चौकशी करणारा लहानसा प्रोग्राम त्यांत होता. त्याच्या एका ओळीच्या आरंभीं एक पूर्णविराम घातलेला होता. एकच ठिपका! त्यामुळें तो प्रोग्राम कधींच बांधला जाईना, आणि 'ही सोय ह्या संगणकावर नाहीं' असा निष्कर्ष सी-मेक दर वेळीं निमूटपणें काढी. ठिपका काय तो डोळ्यांस दिसूं शकणाऱ्या फाइलींत होता, म्हणून शोधूं लागतांच सांपडला. एम-फोरच्या जंगलांतील आज्ञा उलगडावयास मात्र पुष्कळ तज्ज्ञांचे दिवस गेले.

साधन पारखावयाचें तें ह्या दृष्टीनें. त्याचें वर्णन आपल्याशिवाय दुसऱ्या एका मनुष्यानें तरी प्रथमपासून अखेरपर्यंत वाचलें आहे काय? त्यानें निर्माण केलेली, कोणी न वाचलेली फाइल आपण लोकांस वांटतों काय? जुन्या प्रकल्पांत जें साधन चालू आहे तें नीट वाचलें जात असेल, अवलंबनें अचूक ओळखत असेल, तर केवळ तें जुनें म्हणून टाकूं नये. साधन बदलण्यांत महिने जातात, आणि जुन्यांतील ज्ञात दोषांच्या जागीं नव्यांतील अज्ञात दोष येतात. दोनतीन फाइलींच्या सी प्रोग्रामास पंधरावीस ओळींची मेकफाइल पुरते. ती पन्नास ओळींच्या पुढें गेली, व तींत संगणकागणिक निरनिराळे पर्याय दिसूं लागले, म्हणजे मेसन वा सी-मेककडे जाण्याची वेळ झाली असें समजावें.

निवडलेल्या साधनाची परीक्षा घेण्यास फार वेळ लागत नाहीं. एकदां बांधावें, आणि कांहीं न बदलतां लगेच पुन्हां बांधावें. साधनानें करण्यासारखें कांहीं नाहीं असें सांगून थांबलें पाहिजे. मग एका हेडर फाइलीस नुसता हात लावून पुन्हां बांधावें, व तिच्याकडे पाहणाऱ्या फाइली मोजून तितक्याच पुन्हां बांधल्या गेल्या काय हें पाहावें. त्यानंतर कंपायलरास द्यावयाच्या आज्ञेंत फरक करावा. शेवटीं कोरी प्रत एखाद्या मित्राच्या संगणकावर, आपण त्याच्या शेजारीं न बसतां, बांधावयास लावावी. गुणपत्रकाच्या त्या प्रोग्रामावर मीं ही परीक्षा मागाहून घेतली. हेडर फाइलीस हात लावला तेव्हां तीनपैकीं दोनच फाइली पुन्हां बांधल्या गेल्या. यादी लिहून ठेवण्याची खूण कंपायलरास दिली, मेकफाइलींत ती यादी वाचणारी एक ओळ वाढविली, जुनीं रूपांतरें एकदांच पुसून टाकलीं. आणि त्या मुलाचे गुण ७१ झाले.